शोपँचं ‘फँटेझी-इम्प्रॉम्प्टू’ शिकताना : पहिल्यांदाच अवघड रचना हाती घेणाऱ्यांसाठी

पियानो शिकायला लागून तीन-चार वर्षं झाली, की एखादी रचना मनात घर करून बसते. अनेकांच्या बाबतीत ती हीच असते. संगीतकार फ्रेदेरिक शोपँची, सी शार्प मायनरमधली, जेमतेम पाच मिनिटांची. ऐकताना वाटतं, हे आपल्याला कसं जमणार? आणि त्याच क्षणी हेही वाटतं, की हेच वाजवायचंय.

जमतं. पण कशा क्रमाने शिकता यावर फार काही अवलंबून आहे. मी ही रचना पहिल्यांदा घेतली तेव्हा रोज पहिल्या बारपासून (बार म्हणजे दोन उभ्या रेषांमधला तुकडा) सुरुवात करायचे. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. चार महिन्यांनी पहिलं पान झोपेतही वाजलं असतं, आणि चौथ्या पानावर हात अजून चाचपडत होते. दुसऱ्यांदा घेतली तेव्हा एकच गोष्ट बदलली. सगळ्यात अवघड चार ओळी शोधल्या आणि पहिले तीन आठवडे फक्त त्यांवर घालवले. खाली जे सांगते आहे त्याचा गाभा एवढाच आहे: अवघडपणा पानभर सारखा पसरलेला नसतो, तो ठरावीक जागी साचलेला असतो. आपला वेळही तिथेच जायला हवा.

आधी स्वतःची तयारी तपासा

चार शार्पच्या खुणा असलेलं पान अडखळत का होईना, वाचता यायला हवं. स्केल आणि आर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकामागोमाग) दोन्ही हातांनी किमान दोन सप्तकं, न थांबता. संगीतकार बाखच्या दोन आवाजी इन्व्हेन्शन या छोट्या रचनांपैकी दोन-तीन झालेल्या असतील तर उत्तम, कारण दोन हातांनी दोन वेगळ्या गोष्टी बोलायची सवय तिथे लागते. हे नसेल तर सहा महिने थांबा. रचना कुठे जात नाही, आणि घाईत लागलेली चुकीची वळणं काढायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

वाद्याबद्दल एकच अट: पट्ट्यांना वजन हवं आणि त्या पूर्ण ८८ असाव्यात. हलक्या, स्प्रिंगच्या पट्ट्यांवर ही रचना शिकलात तर खऱ्या पियानोसमोर बसल्यावर हात दोन मिनिटांत भरून येतील.

प्रत कोणती घ्यावी

इथे थोडा इतिहास माहीत असावा, कारण त्याचा थेट परिणाम तुमच्या समोरच्या पानावर होतो. शोपँने ही रचना १८३४ च्या सुमारास लिहिली, पण हयातीत छापली नाही. १८४९ मध्ये तो गेला. अप्रकाशित हस्तलिखितं छापू नयेत अशी त्याची इच्छा होती, तरी त्याचा मित्र युलियन फोंताना याने १८५५ मध्ये ती प्रसिद्ध केली. ओपस ६६ हा रचना-क्रमांक तेव्हाचा. पुढे विसाव्या शतकात पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइनला १८३५ सालची नोंद असलेलं शोपँच्या हातचं एक हस्तलिखित मिळालं आणि त्यावरची आवृत्ती १९६२ मध्ये निघाली. दोन्हींत काही स्वर आणि खुणा वेगळ्या आहेत.

तेव्हा एक प्रत निवडा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. एका प्रतीवरून वाचायचं आणि दुसऱ्या प्रतीवरून वाजवलेलं रेकॉर्डिंग ऐकायचं, असं झालं की आपलंच चुकतंय असं वाटत राहतं. जिथे संपादकाने काय भर घातली आणि मूळ काय आहे हे वेगळं दाखवलंय, अशी प्रत मिळाली तर तीच घ्या.

पेन्सिल हातात, पियानो बंद

पहिले दोन दिवस पियानो उघडायचा नाही. प्रत समोर ठेवून रेकॉर्डिंग ऐका, शक्यतो दोन-तीन वेगवेगळ्या वादकांची. मग पेन्सिलने नकाशा काढा. रचनेचे तीन मोठे भाग आणि एक शेपूट आहे: धावता पहिला भाग, संथ गाणारा मधला भाग, पहिल्या भागाचं पुनरागमन, आणि कोडा. एकूण १३८ बार. पण परत येणारा भाग बराचसा पहिल्यासारखाच आहे, आणि मधल्या भागात एकच चाल पुन्हा पुन्हा येते. जे खरोखर नवं आहे तेवढंच रंगवलंत, तर शिकायचं काम डोळ्यांसमोर अर्ध्यावर येतं.

मग प्रत्येक ओळीच्या कडेला एक, दोन किंवा तीन यांपैकी एक आकडा टाका. एक म्हणजे आज संथ वाजवू शकेन, तीन म्हणजे बघूनच धडकी भरते. ज्यांना तीन आकडा मिळाला त्या सगळ्या ओळी एका कागदावर उतरवा, बारच्या क्रमांकासह. तुमचा सराव या कागदावरून सुरू होईल, पहिल्या पानावरून नाही.

डावा हात आधी

शोपँच्या विद्यार्थ्यांनी त्याची एक शिकवण नोंदवून ठेवली आहे: डावा हात लय सांभाळणारा, उजव्याने त्याच्यावर मोकळेपणाने गावं. या रचनेत तर डाव्याशिवाय काहीच उभं राहत नाही.

सुरुवातीला जी शार्पचा सप्तकी ठोका पडतो आणि मग डाव्याची लाट सुरू होते: सी शार्प, जी शार्प, सी शार्प, ई, सी शार्प, जी शार्प. खालच्या सी शार्पपासून वरच्या ईपर्यंत एका सप्तकाहून जास्त अंतर आहे. हात ताणून ते पकडायला जाऊ नका. करंगळीने खालचा सी शार्प वाजवला की ती तिथून सुटली पाहिजे. मनगट बाजूला सरकत हाताला वर घेऊन जातं आणि तसंच परत आणतं. लहान हातांसाठी दोन वाटा आहेत: ईवर अंगठा न्यायचा, किंवा अंगठा मधल्या सी शार्पवर ठेवून दुसरं बोट त्याच्यावरून ओलांडून ई घ्यायचा. दोन्ही दोन-दोन दिवस करून पाहा, एक ठरवा, आकडे प्रतीवर लिहा आणि मग बदलू नका. रोज वेगळी बोटं म्हणजे रोज वेगळी रचना.

डोळे मिटून डावा हात वाजला पाहिजे. तेही शेजारी कोणी बोलत असताना. तोवर उजव्याला त्याच्यासोबत आणायचं नाही.

उजव्या हाताचा पहिला बार, जवळून

उजवा हात पाचव्या बारमध्ये येतो आणि त्याची सुरुवात एका छोट्याशा विरामाने होते. मग जी शार्प, ए, जी शार्प, एफ डबल शार्प, जी शार्प, सी शार्प, ई. पुढे डी शार्प, सी शार्प, डी शार्प, सी शार्प, बी शार्प, सी शार्प, ई, जी शार्प.

नावं भीतीदायक आहेत, पण एफ डबल शार्प म्हणजे जीची पांढरी पट्टी आणि बी शार्प म्हणजे सीची. बाकी बहुतेक स्वर काळ्या पट्ट्यांवर. हे हाताच्या सोयीचंच आहे: लांब बोटं काळ्यांवर आणि आखूड अंगठा खाली पांढऱ्यांवर. शोपँ विद्यार्थ्यांना स्केल शिकवताना सी मेजरऐवजी बी मेजरपासून सुरुवात करायचा, कारण पाच काळ्या पट्ट्यांवर हात नैसर्गिक आकारात बसतो. इथे तोच अनुभव येतो. अंगठा एफ डबल शार्पवर आणि बी शार्पवर सहज पडू द्या, हात पट्ट्यांच्या थोडा आत, काळ्यांच्या जवळ ठेवा.

आता एक गोष्ट, जी मला खूप उशिरा कळली. डावा हात सी शार्प मायनरचा कॉर्ड उलगडतो आहे, म्हणजे सी शार्प, ई आणि जी शार्प. उजव्याचे कोणते स्वर मात्रेच्या तोंडावर येतात ते पाहा. पहिल्या मात्रेला विराम. दुसरीला एफ डबल शार्प, तिसरीला डी शार्प, चौथीला बी शार्प. यातला एकही कॉर्डमधला नाही. प्रत्येक मात्रेवर उजवा हात मुद्दाम शेजारच्या स्वरावर पाय ठेवतो आणि मग घरी येतो. या रचनेतली अस्वस्थता तिथून येते. म्हणून दोन्ही हात संथ जोडाल तेव्हा ते कडवट ऐकू येईल आणि आपण चुकलो असं वाटेल. चुकलेलं नसतं. तो कडवटपणा कानाला आवडेपर्यंत संथ वाजवा.

चारास तीन

डाव्या हाताचे एका मात्रेत तीन स्वर, उजव्याचे चार. नवख्यांना सगळ्यात जास्त भीती याचीच. मात्रेचे बारा समान भाग करा. उजवा १, ४, ७, १० वर पडतो. डावा १, ५, ९ वर. म्हणजे क्रम असा:

१ दोन्ही, ४ उजवा, ५ डावा, ७ उजवा, ९ डावा, १० उजवा.

पियानोपासून दूर बसा आणि मांड्यांवर वाजवा. बारापर्यंत मोठ्याने मोजत, अगदी संथ. चार आणि पाच एकमेकांना जवळजवळ चिकटलेले असतात, तसेच नऊ आणि दहा. मध्ये सात एकटा. हा ठेका कानात बसला की मोजणं सोडून द्या आणि तो तोंडाने म्हणा, ‘धा तक ति तक’ सारखे कोणतेही बोल चालतील, फक्त ‘तक’ ही जोडी चिकटून आली पाहिजे. दोन-तीन दिवसांत हात ते आपोआप करायला लागतात.

पाचव्या बारमध्ये याचं एक छान रूप दिसतं. उजव्याला पहिल्या जागी विराम असल्याने डावा एकटाच सुरू होतो. मग उजव्याचा जी शार्प आणि लगेच डाव्याचाही जी शार्प, एकामागोमाग. हे चार आणि पाच. ती जोडी बरोबर ऐकू आली की बार बरोबर सुरू झाला.

पण बाराचं गणित फक्त पायाभरणीसाठी. काही छापील प्रतींत वेग अर्ध्या नोटेला, म्हणजे दर दोन मात्रांना, मिनिटाला ८४ असा दिलेला असतो. त्या वेगाने उजवा हात सेकंदाला अकरा स्वर वाजवतो, तिथे कोण मोजणार? तेव्हा दुसरी पायरी वेगळी आहे. मेट्रोनोम लावा, प्रत्येक मात्रेला एक टिक. एक बार फक्त डावा. टिक न थांबवता पुढचा बार फक्त उजवा. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. असं आठ-दहा वेळा झालं की न ठरवल्यासारखे दोन्ही एकत्र सोडा. मधले स्वर कुठे पडतात याकडे पाहू नका, फक्त मात्रेच्या तोंडावर दोघांची गाठ पडते का ते ऐका. दोन्ही हातांनी आपापली समान चाल ठेवली, तर मधलं सगळं आपोआप जागेवर येतं. उजव्याने डाव्यासाठी थांबायचं नाही आणि डाव्याने उजव्यासाठी घाई करायची नाही. बहुतेकांचा डावा हात उजव्याच्या मागे फरफटत जातो आणि तीनाचे स्वर वेडेवाकडे होतात. तसं झालं की परत एकेका हातावर या.

वेग कसा आणायचा

फक्त संथ वाजवत राहिल्याने वेग येत नाही. हे मला मान्य करायला जड गेलं, कारण लहानपणापासून ‘हळू वाजव, वेग आपोआप येईल’ हेच ऐकलेलं. संथ सरावाने बोटांना जागा कळतात. पण वेगात हाताची हालचालच वेगळी असते: बोटं कमी उचलली जातात, मनगट स्वरांचे गट करून फिरतं. ती हालचाल वेगातच शिकावी लागते, म्हणून छोट्या तुकड्यात शिकायची.

पद्धत अशी. उजव्याचे चार स्वर घ्या, आणि पुढच्या मात्रेचा पहिला स्वर. पाच स्वर जवळजवळ पूर्ण वेगात, एका फेकीत, आणि शेवटच्या स्वरावर थांबून हात पूर्ण सैल. श्वास सोडा. मग तिथून पुढचे चार अधिक एक. प्रत्येक तुकड्याचा शेवटचा स्वर पुढच्याचा पहिला असल्याने सांधे सुटत नाहीत. चाराचे जमले की आठ अधिक एक, मग सबंध बार. थांबण्याच्या जागी खांदे वर गेलेले आढळले, तर त्या तुकड्याचा वेग आज तेवढाच.

याच्या जोडीला मेट्रोनोमची चढण ठेवा, पण सरळ नको. तीन पायऱ्या वर, दोन खाली. आज ६० वर स्वच्छ वाजलं तर उद्या ५२ ने सुरुवात करा. आणि ८४ चा हट्ट धरू नका. शोपँच्या काळातल्या पियानोच्या पट्ट्या आजच्यापेक्षा हलक्या आणि कमी खोल जाणाऱ्या होत्या. अर्ध्या नोटेला ७२ वर स्वच्छ आणि समान वाजलेली ही रचना सुंदरच लागते.

काही ओळींत उजव्याच्या धावेत ठसा दिलेले स्वर आहेत. ते एकामागोमाग वाजवले तर एक स्वतंत्र चाल निघते. आधी फक्त ती चाल वाजवा, गाऊनही पाहा. मग बाकीचे स्वर तिच्याभोवती इतके हलके भरा की ते सावलीसारखे राहतील. सगळे स्वर एकाच जोराने वाजवले तर वेग असूनही टंकलेखन ऐकल्यासारखं वाटतं.

मधला भाग

इथे आले की नवखे सुटकेचा श्वास टाकतात आणि सराव थांबवतात. स्वर सोपे आहेत हे खरं. सी शार्प मायनरमधून डी फ्लॅट मेजरमध्ये येतो, म्हणजे चार शार्प जाऊन पाच फ्लॅट येतात, पण मूळ पट्टी तीच काळी. सी शार्प आणि डी फ्लॅट एकच. खोली तीच आहे, फक्त खिडकी उघडली.

अवघड आहे ते गाणं. पियानोचा स्वर वाजल्याक्षणापासून विरायला लागतो. लांब स्वरानंतर पुढचा स्वर मूळ जोराने वाजवला तर तो टोचतो. आधीचा स्वर विरत जिथवर आलाय, तिथून पुढचा उचलावा लागतो. हे कानाने करायचं काम आहे: लांब स्वर वाजवा आणि त्याच्या शेवटापर्यंत खरोखर ऐका, मगच पुढचा. चाल आधी पेडलशिवाय, फक्त बोटांनी जोडून वाजवा. एक बोट उचलायच्या आधी दुसरं खाली गेलेलं असावं. मग पेडल घाला, आणि डाव्याचा सर्वांत खालचा स्वर बदलला की पेडलही बदला.

चाल इतक्या वेळा परत येते की दरवेळी सारखीच वाजवली तर ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं. प्रत्येक फेरीला प्रतीवर एखादा शब्द लिहून ठेवा: सांगणं, आठवणं, विचारणं, काहीही. शब्द तुमचे असू द्या.

लक्षात ठेवणं

वेगवान भाग बघून वाजवता येत नाही, तेव्हा पाठांतर करावंच लागतं. हातांना पाठ होतं ते सगळ्यात आधी, आणि दडपणाखाली तेच सगळ्यात आधी दगा देतं. म्हणून प्रतीवर दहा-बारा ठिकाणी खुणा करा आणि कोणत्याही खुणेपासून थेट सुरू करता यायला हवं. चिठ्ठ्या काढून सराव करा: सातवी आली, सातव्यापासून. शेवटच्या खुणेपासून मागे मागे येत शिकलात, तर वाजवताना तुम्ही नेहमी जास्त ओळखीच्या भागाकडे जात असता. कोडासाठी हे फार उपयोगी पडतं, कारण तिथवर हात थकलेले असतात.

दुखलं तर

थकवा चालतो, दुखणं नाही. हाताच्या वरच्या बाजूला जळजळ, मनगटात कळ, बोटं बधिर होणं, यांपैकी काहीही जाणवलं की त्याच क्षणी थांबा, त्या दिवसापुरतं. चार-पाच दिवसांत गेलं नाही तर डॉक्टरांकडे जा. लिऑन फ्लायशरसारख्या अव्वल वादकाचा उजवा हात १९६० च्या दशकात निकामी झाला आणि त्याला कित्येक वर्षं फक्त डाव्या हाताच्या रचना वाजवाव्या लागल्या. शोपँ स्वतः विद्यार्थ्यांना दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त सराव करू नका म्हणायचा. तुम्हा-आम्हाला एक तास पुरे, तोही वीस-वीस मिनिटांचे तीन भाग करून, मध्ये उठून. आज न जमलेला तुकडा रात्रीच्या झोपेनंतर पुष्कळदा सकाळी जमतो, हे अनुभवून पाहा.

जोडणी आणि शेवट

तुकडे तयार झाले, की आठवड्यातून एकदाच सबंध वाजवा आणि रेकॉर्ड करा. चुकलं तरी थांबायचं नाही. ऐकताना प्रत समोर ठेवून फक्त तीन जागा निवडा, पुढच्या आठवड्याचं काम तेच. रोज सबंध वाजवलंत तर रोज त्याच चुका घट्ट होतील. एवढं सगळं धरून पहिल्या वेळी सहा ते आठ महिने लागतात असं समजून चाला.

कोडामध्ये उजवा हात खळखळत राहतो आणि मधल्या भागाची चाल डाव्या हातात, खाली, शांतपणे परत येते. अनेक जण उजव्याच्या धावपळीत तिला हरवून बसतात. आधी ती एकटी वाजवा, मग उजव्याला इतकं हलकं करा की तो डाव्याला झाकणार नाही. सगळी अस्वस्थता संपून शेवटचा कॉर्ड सी शार्प मेजरचा येतो. तो वाजल्यावर हात पट्ट्यांवर आणि पाय पेडलवर राहू द्या, आवाज खोलीतून पूर्ण विरेपर्यंत. मग पाय सावकाश उचला.